मिनिटाचं घर: चुन्याखाली झाकलेली भिंत

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकात, प्रसिद्ध घड्याळ असलेल्या नगरभवनाला खेटून एक अरुंद, उंच घर आहे. नाव ‘उ मिनुती’, म्हणजे मिनिटाचं घर. इथल्या दुकानात बारीक चिरलेली तंबाखू मिळायची (लॅटिनमध्ये ‘मिनुता’ म्हणजे बारीक), त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. रोज शेकडो पर्यटक घड्याळाकडे माना वर करून उभे असतात. मला मात्र त्यांनी चार पावलं पुढे येऊन ही भिंत बघावी असं फार वाटतं.

भिंत रंगवलेली वाटते, पण तिथे ब्रश लागलेलाच नाही. आधी गडद गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून काढलेलं चित्र. जिथे चुना निघाला तिथे खालचा काळसर थर दिसतो. गिलावा वाळायच्या आत काम उरकायचं, चुकलं तर पुसायची सोय नाही. या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात. गोव्या-कोकणातल्या देवळांवरची कावी कला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे हात ओळखीचे वाटतील. तिथे लाल कावेचा थर खरवडून पांढरा चुना उघडा करतात, एवढाच फरक.

घर मूळचं पंधराव्या शतकातलं, गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपी शैलीचं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रेनेसाँ म्हणजे प्रबोधनकाळातल्या वळणाने नव्याने उभं राहिलं. सोळावं शतक सरता सरता आणि सतराव्याच्या सुरुवातीला भिंतींवर बायबलातले आणि ग्रीक पुराणांतले प्रसंग कोरले गेले. पुढे अभिरुची बदलली आणि सगळ्यावर चुना फासला गेला. अठराव्या शतकात इथे ‘पांढरा सिंह’ नावाचं औषधांचं दुकान होतं. कोपऱ्यावरचा दगडी सिंह ही त्याचीच खूण.

१८८९ ते १८९६ या काळात काफ्का कुटुंब इथे राहत होतं. लहानगा फ्रान्झ, म्हणजे पुढे प्रसिद्ध लेखक झालेला फ्रान्झ काफ्का, याच घरातून शाळेत जायला लागला. स्वयंपाकीणबाई त्याला चौकातून नेई आणि ‘घरी किती छळतोस ते मास्तरांना सांगते’ म्हणून रोज धाक घाली. ती भीती त्याने मोठेपणी मिलेना या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. एली, वाली, ओटला या त्याच्या तिन्ही बहिणी याच काळात जन्मल्या. पुढे नाझींनी तिघींचाही जीव घेतला. त्या सात वर्षांत घराची भिंत कोरीच दिसत होती. चित्रं होती, पण चुन्याखाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी तो चुना उतरवला आणि चित्रं पुन्हा उजेडात आली. ज्या लेपाने ती लपवली, त्यानेच त्यांना ऊन-पावसापासून जपलं होतं. मे १९४५च्या नाझींविरुद्धच्या उठावात नगरभवनाची एक अख्खी बाजू जळून गेली आणि ती जागा आजही मोकळी आहे. दुसऱ्या अंगाचं मिनिटाचं घर मात्र वाचलं.