रडणारे चषक

‘काच म्हणजे घट्ट द्रवच, म्हणून जुन्या चर्चची तावदानं खाली जाड असतात,’ हा मेसेज परवा पुन्हा आला. साफ चूक. तावदानं मुळातच कमी-जास्त जाडीची बनत. नेहमीच्या तापमानाला काच ओघळायला विश्वाचं वयही पुरणार नाही. आजारी मात्र ती खरंच पडते: तिच्यावर थेंब सुटतात, तडे जातात. का, ते जुने चषक कसे बनत ते पाहिलं की कळतं.

१७२२ साली आन्ना राजिविऊ या सरदारणीने नालिबोकीच्या जंगलात काचकारखाना काढला. तेव्हाचं पोलंड-लिथुआनियाचं राज्य, आजचा बेलारूस. तिथल्या चषकांवर सरदार घराण्यांची कुलचिन्हं कोरत. राजिविऊंची तीन शिकारी शिंगं त्यांतलीच. फिरत्या तांब्याच्या चकतीला तेल आणि कुरुंदाची पूड लावायची आणि चषक खालून तिच्यावर टेकवायचा. खोदलेलं चित्र डोळ्यांना उठावाचं भासतं!

असं कोरीव काम खुलायला काच नितळ हवी. वाळू सहज वितळावी म्हणून तीत लाकडाच्या राखेतला पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) घालत. राख पाण्यात कालवायची, निवळी घ्यायची, आटवायची. निवळी जितकी स्वच्छ, तितकी काच नितळ. पण राखेतला चुना पाण्यात विरघळत नाही, तो गाळातच राहतो. आणि काचेला टिकाऊपणा देतो तो चुनाच! वाळू आणि पोटॅश एवढंच वितळवलं, तर चक्क पाण्यात विरघळणारी काच मिळते. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस बोहेमियाचे (आजच्या चेकियातले) कारागीर मिश्रणात वेगळा खडू, म्हणजे चुनाच, घालू लागले.

ज्या काचेत चुना कमी पडला, तिथे हवेतली वाफ शिरते. पाण्यातला हायड्रोजनचा आयन (विद्युतभार असलेला अणू) पोटॅशियमच्या आयनाची जागा घेतो. हा पाहुणा घरमालकापेक्षा फारच लहान. बाहेर पडलेलं पोटॅशियम ओल शोषून पृष्ठभागावर अल्कली थेंब बनवतं. त्यातले हायड्रॉक्साइड आयन काचेचा सांगाडा असलेली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळीच तोडू लागतात. हवा कोरडी झाली की पोटॅशियम गमावलेला, पाणी प्यालेला थर आक्रसतो आणि केसासारख्या बारीक तड्यांची नक्षी उमटते.

थेंब सुटलेल्या काचेला जाणकार ‘रडणारी काच’ म्हणतात. आपल्याकडे असा पेला देवघरात असता, तर एव्हाना रांग लागली असती. (आणि ‘क्रिस्टलची ऊर्जा’ म्हणून काच विकणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं, की काचेत स्फटिकरचनाच नसते.)

एकदा पडलेले तडे भरून येत नाहीत. म्हणून संग्रहालयं अशा काचेच्या कपाटातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखतात. फार वाढली तर चषक रडतो, फार उतरली तर तडकतो.