एन्लार्जर लेन्स : अंधारखोलीबाहेरील उपयोग

फोटोग्राफीच्या अंधारखोलीत निगेटिव्हवरील प्रतिमा मोठी करून संवेदनशील कागदावर पाडण्यासाठी एन्लार्जर या यंत्राला जे भिंग बसवलेले असते, त्याला एन्लार्जर लेन्स म्हणतात. बारीक अक्षरे वाचण्यासाठी हातात धरावयाच्या साध्या भिंगाशी त्याची गल्लत करू नये. हे साधारणतः तीन ते सहा घटक-भिंगांचे, आतील छिद्र कमीजास्त करता येणारे, काटेकोर जुळणीचे साधन आहे. कागदावरील छपाई थांबल्यावर ही भिंगे निकामी झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती चुकीची आहे. डिजिटल कॅमेऱ्याला जोडली असता सूक्ष्म वस्तूंचे छायाचित्रण, निगेटिव्हची डिजिटल नक्कल आणि अतिनील प्रकाशातील छायाचित्रण या कामांत ती आजही उत्तम चालतात. मात्र ती कोणत्या अंतरासाठी आणि कोणत्या दिशेने घडवली गेली होती, याचे भान ठेवले तरच.

नागपुरात सीताबर्डी, सदर, महाल, इतवारी अशा जुन्या बाजारपेठांतील फोटो स्टुडिओंच्या मागच्या अंगाला एक काळोखी खोली असे. लाल दिव्याच्या उजेडात डेव्हलपर आणि हायपो या रसायनांच्या तबकांशेजारी एन्लार्जर उभा असे, आणि लग्नांच्या मोसमात तो रात्र रात्र चालू राही. ३५ मि.मी. फिल्मसाठी ५० मि.मी. केंद्रांतराचे, १२० नंबरच्या फिल्मवरील चौकोनी निगेटिव्हसाठी ७५ किंवा ८० मि.मी. केंद्रांतराचे भिंग लावण्याचा सर्वत्र प्रघात होता. आधी रंगीत छपाईची स्वयंचलित यंत्रे आली, मग डिजिटल कॅमेरे आले आणि अंधारखोली मिटत गेली. कोडॅकने २००५ साली कृष्णधवल छपाईच्या कागदाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तर निकॉनने जानेवारी २००६ मध्ये बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांबरोबरच आपली एन्लार्जर लेन्सची मालिकाही बंद करण्याची घोषणा केली. एन्लार्जर माळ्यावर गेले, काही भंगारात वजनावर विकले गेले, आणि भिंग बहुधा यंत्राबरोबरच गेले. ही हानी टाळण्यासारखी आहे, कारण यंत्राच्या लोखंडापेक्षा त्या भिंगाचे मोल पुष्कळ अधिक असते.

या भिंगाचे वेगळेपण त्याच्या मूळ कामातून आलेले आहे. कॅमेऱ्याच्या सामान्य लेन्समध्ये दूरच्या दृश्याचा विचार प्रमुख असतो. एन्लार्जरमध्ये मात्र एक सपाट निगेटिव्ह आणि एक सपाट कागद यांच्यामध्ये, दोन-तीन फुटांच्या आत, भिंगाला काम करावे लागते. कागदाच्या मध्यभागी रेषा स्पष्ट आणि कोपऱ्यात पुसट असून भागत नाही. त्यामुळे क्षेत्रवक्रता, म्हणजे सपाट वस्तूची प्रतिमा वाटीसारखी वाकणे, आणि सरळ रेषा कडेला वाकडी दिसण्याचा दोष हे दोन्ही या भिंगांत कसोशीने आवरलेले असतात. बांधणीप्रमाणे त्यांचे दर्जे पडतात. तीन घटकांची भिंगे स्वस्त यंत्रांबरोबर येत. चार घटकांची मध्यम प्रतीची मानली जात, तर श्नायडरची कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉकची रोडागॉन आणि निकॉनची ५० मि.मी. एफ/२.८ (एफ पुढचा आकडा छिद्राचा; तो जितका मोठा तितके छिद्र बारीक) ईएल-निक्कोर ही सहा घटकांची भिंगे व्यावसायिकांच्या पसंतीची होती. जुन्या भिंगांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कृष्णधवल कागद निळ्या-हिरव्या प्रकाशालाच संवेदनशील असतो, आणि म्हणूनच अंधारखोलीत लाल दिवा चालतो. केवळ अशा कागदासाठी केलेल्या स्वस्त भिंगाची लाल रंगातील कामगिरी गृहीत धरू नये, तपासून घ्यावी.

भिंग कॅमेऱ्याला जोडणे वाटते तितके अवघड नाही. बहुसंख्य एन्लार्जर लेन्सच्या मागे ३९ मि.मी. व्यासाचे, इंचाला २६ असे आटे असतात. जुन्या लायका कॅमेऱ्यांचे आटेही हेच असल्यामुळे जोडरिंगा सहज मिळतात. आटे जुळले म्हणून फोकस जुळेल असे मात्र नाही, कारण या भिंगाला फोकसची फिरती रिंग नसते. एन्लार्जरमध्ये ते काम यंत्राचा भाता, म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारी घड्यांची नळी, करीत असे, आणि येथेही भाताच लागतो, किंवा एकात एक सरकणारी स्क्रूची नळी म्हणजे हेलिकॉइड, किंवा ठरावीक लांबीच्या रिकाम्या नळ्या. किती लांबी लागेल हे एका साध्या गुणाकाराने कळते : केंद्रांतर गुणिले, एक अधिक विवर्धन (प्रतिमा वस्तूच्या किती पट, तो आकडा). ५० मि.मी. भिंगाने वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी हवी असेल तर भिंगापासून सेन्सरपर्यंत सुमारे १०० मि.मी., दुप्पट हवी असेल तर १५० मि.मी. आणि चौपटीसाठी २५० मि.मी. अंतर लागते. चौपटीला नेहमीचा भाता अपुरा पडू लागतो, म्हणून अधिक विवर्धनासाठी कॉम्पोनॉन २८ मि.मी. सारखे आखूड केंद्रांतराचे भिंग सोयीचे ठरते. त्याला चौपटीसाठी १४० मि.मी. पुरतात. कॅमेऱ्याशी विजेचा कोणताही संपर्क नसल्यामुळे लेन्स नसतानाही शटर चालू देणारी सोय मेनूमधून सुरू करावी लागते, आणि छिद्र हातानेच फिरवावे लागते.

आता दिशेचा प्रश्न. अनेक नवशिक्यांचा हिरमोड याच ठिकाणी होतो आणि दोष भिंगावर जातो. एन्लार्जरमध्ये आट्यांची बाजू लहान निगेटिव्हकडे आणि दर्शनी बाजू मोठ्या कागदाकडे असते, म्हणजे भिंगाची एक बाजू लहानासाठी आणि दुसरी मोठ्यासाठी घडवलेली असते. टपाल तिकीट, नाणे किंवा १२० नंबरची निगेटिव्ह सेन्सरवर मूळ आकारापेक्षा लहान येणार असेल, तर सेन्सर हा निगेटिव्हच्या जागी असतो आणि भिंग सरळच बसवावे. मुंगीचे डोके सेन्सरवर मूळ आकारापेक्षा मोठे यायचे असेल, तर सेन्सरने कागदाची जागा घेतलेली असते. तेव्हा भिंग उलटे, आट्यांची बाजू मुंगीकडे करून बसवावे. उलटे बसवण्यासाठी दर्शनी बाजूच्या फिल्टरच्या आट्यांत रिंग अडकवतात. ५० मि.मी. ईएल-निक्कोरच्या नंतरच्या आवृत्तीत हे आटे ४०.५ मि.मी.चे आहेत. बरोबर मूळ आकाराएवढ्या प्रतिमेला दोन्ही बाजूंची अंतरे समान होतात आणि दिशेने फारसा फरक पडत नाही.

या भिंगाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच उदाहरणात पाहावयाची असेल तर नागपूरच्या आसपासच्या संत्र्याच्या बागेतले पान घ्यावे. विदर्भातील बागायतदार ज्या रोगाला कोळशी म्हणतात, त्यामागे काळी माशी हा रस शोषणारा कीटक असतो. त्याच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पाने-फळे काजळी फासल्यासारखी होतात. पान उलटून पाहिले तर मादीने घातलेली अंडी वळणावळणाच्या, चकलीसारख्या रांगेत मांडलेली दिसतात, आणि शेजारी जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीचे, काळे चकचकीत, काटेरी कोष चिकटलेले असतात. नुसत्या डोळ्यांना तो केवळ काळा ठिपका वाटतो. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ × २४ मि.मी.चा असतो, म्हणून चौपट विवर्धनाला चित्रात पानाचा ९ × ६ मि.मी. एवढाच तुकडा मावतो आणि त्यात कोषाच्या कडेची पांढरी मेणाची झालर, पाठीवरचे काटे आणि पानाच्या पेशींची जाळीही उमटते. पण चौपटीला छिद्राचा परिणामी आकडा पाचपट होतो. भिंगावर एफ/४ ठेवले तर प्रत्यक्षात एफ/२० चे काम होते. एफ/११ ठेवले तर एफ/५५ चे, आणि प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्याने, सगळे चित्र पिठूळ होते. अधिक खोली मिळावी म्हणून छिद्र बारीक करण्याची सवय येथे सोडावी लागते.

एफ/४ ला चौपट विवर्धनात स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी उरते. म्हणून कॅमेरा किंवा वस्तू बारीक स्क्रूच्या रुळावर अत्यंत थोडी थोडी पुढे सरकवत अनेक चित्रे घेतात आणि संगणकावर त्यांतील स्पष्ट भाग एकत्र करतात. या रीतीला फोकस स्टॅकिंग म्हणतात. पान तोडून खोलीत आणावे, कारण बागेतल्या मंद झुळकीनेही अशा विवर्धनात चित्र वाया जाते. प्रकाशासाठी दोन छोटे फ्लॅश आणि त्यांच्यासमोर ट्रेसिंग पेपर पुरतो. तो नसेल तर चकचकीत कोषावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो.

अभ्यासकांसाठी या परिसरात आणखी एक समृद्ध विषय आहे. नागपुरातील टाकळी येथील आंतर-ट्रॅपी थरांत, म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांदरम्यान साचलेल्या गोड्या पाण्याच्या गाळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीचे अवशेष सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील जीवाश्म गोळा करून त्यांकडे जगाचे लक्ष वेधले; शहरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. या थरांतील ऑस्ट्राकोड नावाच्या शिंपाधारी जीवांची कवचे आणि कॅरोफाइट वनस्पतींची फळे मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांची मापनयोग्य चित्रे घेण्यासाठी रेषा न वाकवणारे भिंग हवे, आणि एन्लार्जर लेन्स नेमके तसे आहे. संग्रहातील नमुन्यांसाठी महागड्या सूक्ष्मदर्शकाची वाट न पाहता महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी हा मार्ग अवलंबावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

अतिनील छायाचित्रण हा तुलनेने अपरिचित उपयोग आहे. कागदाची संवेदनशीलता निळ्याच्या पलीकडे थोडी अतिनील पट्ट्यातही जाते, त्यामुळे काही भिंगांत त्या पट्ट्याचीही जुळणी केलेली असे. धातूच्या बांधणीची जुनी ८० मि.मी. एफ/५.६ ईएल-निक्कोर या कामासाठी शोधून घेतली जाते. सेन्सरवरील अतिनील प्रकाश अडवणारी गाळणी काढलेला कॅमेरा आणि केवळ अतिनील प्रकाश जाऊ देणारा फिल्टर लावून सूर्यफूल टिपले तर पिवळ्या पाकळ्यांचा मधला भाग काळा आणि टोके उजळ दिसतात. मधमाशीला हा भेद दिसतो, आपल्याला नाही. दूरच्या दृश्यांसाठी मात्र या भिंगांची विशेष शिफारस करता येत नाही. ७५-८० मि.मी. ची भिंगे हेलिकॉइडवर अनंतापर्यंत फोकस होतात, पण हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी कड, न लावल्यास उन्हात चित्र फिके येते. त्यांचे प्रतिमाक्षेत्र मोठे असल्यामुळे भाता तिरपा करून फोकसचे प्रतल झुकवता येते, हा फायदा वस्तूंच्या छायाचित्रणात घेता येतो.

जुने भिंग घेताना छिद्र पूर्ण उघडून, मागून टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगांत ती हमखास आढळते. कडेला तेलकट इंद्रधनुषी पट्टा दिसला तर घटक जोडणारा डिंक सुटू लागला आहे. एक दोष मात्र दोष नसून सोय असते. ५० मि.मी. कॉम्पोनॉन-एस आणि नव्या ईएल-निक्कोर यांत छिद्राचा आकडा अंधारात वाचता यावा म्हणून एन्लार्जरचाच उजेड पारदर्शक तुकड्यातून आकड्यापर्यंत आणलेला असतो. कॅमेऱ्यावर याच वाटेने बाहेरचा उजेड आत शिरतो आणि चित्रावर पांढुरका पडदा येतो. काळी चिकटपट्टी लावून ही खिडकी बुजवली की तक्रार मिटते.

सर्वांत महत्त्वाचा उपयोग निगेटिव्हच्या डिजिटल नकलेचा आहे. ज्या भिंगाने एके काळी त्या निगेटिव्हची छपाई झाली, तेच भिंग आता तिची नक्कल उतरवू शकते. रोडेनस्टॉकची अॅपो-रोडागॉन-डी ७५ मि.मी. एफ/४ तर मूळ आकाराएवढ्या नकलेसाठीच बनवलेली आहे. पण ती नसली तरी सहा घटकांचे कोणतेही चांगले भिंग एफ/५.६ च्या आसपास कोपऱ्यापर्यंत स्पष्ट काम देते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मि.मी. निगेटिव्ह एकास एक घ्यावी लागते. लहान एपीएस-सी सेन्सरवर विवर्धन सुमारे ०.६५ पुरते, म्हणजे ५० मि.मी. भिंगापासून सेन्सर ८२ मि.मी. वर येतो. भंगारात निघालेल्या एन्लार्जरचा खांब आणि फळी फेकून देऊ नये. दिव्याचे डोके उतरवून तेथे कॅमेरा खाली तोंड करून बसवला आणि फळीवर पांढऱ्या प्रकाशाची पेटी ठेवली की नक्कल करण्याचा मजबूत स्टँड तयार होतो.

या कामात कॅमेरा आणि निगेटिव्ह तंतोतंत समांतर असणे सर्वांत कठीण, आणि समांतर नसेल तर भिंगाची सपाटी व्यर्थ जाते. त्यावर जुना उपाय असा की निगेटिव्हच्या जागी लहान आरसा सपाट ठेवावा, छिद्र बारीक करावे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंगाचेच प्रतिबिंब पाहावे. त्यात दिसणाऱ्या काळ्या वर्तुळाचा मध्य चित्राच्या मध्याशी जुळेपर्यंत कॅमेरा हलवून स्क्रू आवळावेत. मग आरसा काढून निगेटिव्ह ठेवावी, पडद्यावरील चित्र दहापट मोठे करावे आणि चेहऱ्यावर नव्हे, तर फिल्मच्या कणांवर फोकस करावा. कण चारही कोपऱ्यांत वाळूसारखे सुटे दिसू लागले की शटर दाबावे.