जांभ्याच्या विहिरीचं पाणी आणि मीटरभराचा कॅटफिश

दुकानाच्या टाकीतला चार बोटांचा रेडटेल कॅटफिश पाहिला की कुणालाही मोह होईल. काळपट पाठ, अंगावरून गेलेला पांढरा पट्टा, लालभडक शेपूट, लांब मिशा. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला हा मासा पूर्ण वाढला की मीटरभराच्या पुढे जातो. 50 किलोंच्या वरचेही पकडले गेले आहेत. शेजारी ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा शार्क नव्हेच, तो मेकाँग नदीतला पंगस. तोही मीटरभर होतो. चिपळूण असो की मालवण, घेणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “मासा टाकीएवढाच वाढतो.” हे खरं नाही. लहान टाकीत वाढ खुंटते ती साचलेल्या घाणीने आणि कोंडमाऱ्याने. तो मासा आजारी असतो.

हे मासे पाळण्याजोगे आहेत यात मात्र शंका नाही. दिवा मालवून कोळंबीचा एक तुकडा टाकून बघा. मासा डोळ्यांनी शोधत बसत नाही. तळावरून मिशा फिरवत येतो, एका मिशीचं टोक तुकड्याला लागतं आणि त्याच क्षणी तोंड उघडून तुकडा पाण्यासकट आत ओढला जातो. चव ओळखणाऱ्या कलिका मिशांवर आणि ओठांवर तर असतातच, अंगभरही असतात. अख्खा मासा म्हणजे पोहणारी जीभच. अंगावर खवलं नसल्याने तांबं किंवा फॉर्मेलिन असलेली औषधं त्याला लवकर बाधतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

खरी अडचण त्या कोळंबीनंतर सुरू होते. 100 ग्रॅम कोळंबीत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 3 ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. मोठा झालेला मासा त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. 2 ग्रॅम धरले तरी 500 लिटरच्या टाकीत दर लिटरला 4 मिलिग्रॅम होतात, आणि चांगल्या टाकीत हा आकडा शून्य असावा लागतो. फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे करताना आम्ल तयार होतं, आणि ते आवरून धरायला पाण्यातला बायकार्बोनेट खर्ची पडतो: 1 ग्रॅम नायट्रोजनमागे चुनखडीच्या हिशेबात सुमारे 7 ग्रॅम.

कोकणातल्या माणसाने नेमकं इथे थांबून आपल्या विहिरीकडे बघावं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी असतं. बायकार्बोनेट त्यात मुळातच कमी. समजा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे, तर 500 लिटरमध्ये सगळा मिळून 15 ग्रॅम. वरच्या एका जेवणाला 14 ग्रॅम लागले. बायकार्बोनेट संपत आला की पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, घसरतो (आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल). तो 6 च्या खाली गेला की जीवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने फारसा बाधत नाही, मासा वरवर ठीक दिसतो. मग कुणीतरी घाईने अर्धी टाकी ताज्या नळाच्या पाण्याने भरतं, पीएच चढतो, आणि पीएचच्या दर एका अंकाला विषारी अमोनिया सुमारे दहापट होतो. “पाणी बदललं आणि मासा गेला” असं लोक सांगतात त्यामागे पुष्कळदा हे असतं.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची कालवणाला न घातलेली टरफलं उकळून, घासून, वाळवून जाळीच्या पिशवीत भरावीत आणि फिल्टरमध्ये ठेवावीत. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की ती हळूहळू विरघळतात. पाणीही दर आठवड्याला थोडं थोडं बदलावं, महिन्यातून एकदा धबाधबा नाही. काढलेलं नायट्रेटचं पाणी पोफळीला चांगलं.

पावसाळ्यात वीज जाते, याचा विचार आधीच करावा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो, जीवाणू मरतात, आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर ती सगळी घाण टाकीत येते; आधी उघडून धुवावा. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच.

माडीवर टाकी ठेवू नये. घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला 200 किलो भार धरलेला असतो आणि 60 सेंटिमीटर पाणी म्हणजे 600 किलो. रेडटेलसाठी वाडीत काही हजार लिटरचा सिमेंटचा हौद बांधता येत असेल तरच तो आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर मोठा झाल्यावर तो वहाळात सोडायची बुद्धी होते. आपल्या नद्या आखूड. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात आणि मोठ्या तोंडाच्या शिकाऱ्याला ते आयते सापडतील. आफ्रिकन मागूर या परदेशी कॅटफिशवर भारतात 2000 साली बंदी आली ती याच भीतीने.

हौद असलेल्या कुणाला मासा द्यायचा असेल तर जाळ्याने उचलू नका. शिंगाळ्याचा, म्हणजे आपल्या समुद्रातल्या कॅटफिशचा, काटा जाळ्यात अडकला की काय होतं ते कोळ्यांना विचारा: पंखाचा काटा ताठ होऊन मुळाशी कुलूपबंद होतो, आणि ओढाल तितका रुततो. ओली ताडपत्री खालून सरकवा, दोघांनी चारही टोकं धरा आणि पाण्यासकट उचला.