कार्डावर कोड टाकायचाय? छापायला देण्याआधी एवढं वाचा

हल्ली व्हिजिटिंग कार्डाची ऑर्डर देऊन झाली की जाता जाता एक वाक्य हमखास येतं, "आणि हो, मागे तो स्कॅनर पण टाका." खरं तर स्कॅनर म्हणजे मोबाईल, छापलेला चौकोन तो क्यूआर कोड, पण चिपळुणात सगळे स्कॅनरच म्हणतात म्हणून काउंटरवर आम्हीपण तेच म्हणतो. मग आम्ही विचारतो, टाकतो की, पण त्यात भरायचं काय? इथे बहुतेक वेळा समोरचा माणूस आमच्याकडेच बघत बसतो. म्हणून हे माहितीपत्रक.

हा कोड 1994 साली जपानमधे डेन्सो वेव्ह कंपनीने काढला, मासाहिरो हारा यांच्या टीमने, गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला, कारण साध्या बारकोडात वीसेक अक्षरंच मावायची. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात त्यावरून कॅमेऱ्याला कळतं की कोड इथे आहे आणि वरची बाजू कुठली. त्या चौकोनातलं काळं-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 असं असतं, आणि ते ठरवायला त्या लोकांनी छापील पत्रकं, मासिकं असलं काय काय चाळून छपाईत सगळ्यात कमी सापडणारं प्रमाण शोधलं होतं. छापखान्यातली मंडळी आपण, म्हणून हे आम्हाला भारी आवडतं. असो.

तर भरायचं काय. एक प्रकार म्हणजे तुमचं नाव, नंबर, पत्ता, ईमेल सगळं कोडातच घालायचं, स्कॅन केलं की थेट "कॉन्टॅक्ट सेव्ह करू का" असं येतं. याला नेट लागत नाही, जे आपल्याकडे कामाचं आहे, कारण गुहागर साईडला आत गेलं की रेंजचा काही भरवसा नाही. पण जितकी माहिती जास्त तितके ठिपके जास्त. 300 बाईटची माहिती (साधं इंग्रजी एक अक्षर म्हणजे एक बाईट) घातली तर मिडीयम सेटिंगला, म्हणजे कोड थोडाफार खराब झाला तरी वाचता यावा म्हणून जे लावतात त्याला, 69 बाय 69 ठिपक्यांचा कोड होतो, तो दोन सेंटीमीटरमधे बसवला की एक ठिपका 0.3 मिलिमीटरपेक्षाही बारीक. शाई जराशी पसरली की जुन्या मोबाईलला काही वाचता येत नाही. आणि मराठीत नाव घातलंत तर अजून फुगतो. "श्री" आपल्याला एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटरला ते चार तुकडे आणि प्रत्येक तुकडा तीन बाईट, म्हणजे एकट्या श्रीचे बारा झाले. कार्डावर नाव मराठीतच छापा, आम्हालाही तेच बरं वाटतं, पण कोडाच्या आत इंग्रजीतलं ठेवा. नाव, एक मोबाईल नंबर, ईमेल, बस. फॅक्स नंबर कोणी घालू नका प्लीज, अजून लोक देतात.

दुसरा प्रकार लिंकचा. व्हॉट्सअॅपची छोटी लिंक असते ना, डब्ल्यू-ए डॉट एम-ई वाली, ती तुमच्या नंबरसकट 26 अक्षरांत बसते आणि कोड होतो फक्त 25 बाय 25 चा. सुटसुटीत, लांबूनही पटकन उचलतो. हापूसवाले, कॅटरिंगवाले, ज्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवरच येतात त्यांना आम्ही डोळे झाकून हेच सांगतो. फक्त नंबरआधी 91 पाहिजे, पुढे शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको.

होमस्टेवाल्यांना मॅपची लिंक हवी असते. टाका, पण गेस्ट तुमच्या वाडीत पोचेपर्यंत नेट गेलेलं असतं, म्हणून शेजारी दोन ओळी साध्या शब्दांत छापून घ्या, शाळेच्या पुढे डावीकडे वळा वगैरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेटवर "फ्री कोड बनवा" म्हणणाऱ्या साइटी आहेत, त्यातल्या काही तुमची लिंक सरळ कोडात घालत नाहीत, मधे स्वतःची लिंक घालतात आणि ट्रायल संपली की बंद करतात. आमच्या एका गिऱ्हाईकाने असाच कोड घरून बनवून आणला, आम्हीपण स्कॅन करून बघितला, चालला, हजार कार्डं छापली, आणि महिना व्हायच्या आत स्कॅन केल्यावर पैसे भरा असं पान यायला लागलं. छपाई चोख होती पण कार्डं गेली रद्दीत. चूक थोडी आमचीपण, विचारायला हवं होतं कुठून बनवला, आता विचारतो. पुढे नंबर-पत्ता बदलेल असं वाटत असेल (2021 च्या पुरानंतर बाजारपेठेतल्या किती जणांनी जागा बदलली आठवा) तर स्वतःच्या वेबसाइटच्या एका पानाची लिंक द्या, पान कधीही बदला, कोड तोच राहतो.

यूपीआयचा कोड कार्डावर टाकू का असं बरेच जण विचारतात. आमचं मत नको. तो गल्ल्यावर शोभतो. कार्ड देताना माणूस लगेच पैसे देत नाही, आणि उद्या बँक बदललीत तर सगळी कार्डं बाद होऊ शकतात.

छपाईचं थोडक्यात: कोड कमीत कमी दोन सेंटीमीटर, चारी बाजूंनी चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा मोकळी, कडेपासून आत, कारण कटिंगला एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. गडद रंग फिकट कागदावर. काळ्या कार्डावर सोनेरी फॉईलमधे कोड मागू नका, लग्नपत्रिकेला ठीक आहे, इथे चकाकीने कॅमेरा आंधळा होतो. लॅमिनेशन मॅट घ्या. काळा रंग आम्ही नुसत्या काळ्या शाईत काढतो, चार रंग एकावर एक आले की कडा हलतात. मधे लोगो हवा तर छोटा, त्यासाठी हाय सेटिंग लावावं लागतं, त्यात साधारण 30 टक्के भाग झाकला-खराब झाला तरी कोड वाचता येतो, पण ठिपके वाढतात हे लक्षात ठेवा. आणि कोडाखाली दोन शब्द छापाच, "नंबर सेव्ह करा" किंवा "व्हॉट्सअॅप करा", नाहीतर कशाचा कोड म्हणून लोक स्कॅनच करत नाहीत.

कोड तुम्ही आणणार असाल तर पीडीएफ आणा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि कडा फाटतात, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आम्ही बनवला तर कोडाचे वेगळे पैसे नाहीत. आधी एक कार्ड खऱ्या कागदावर लॅमिनेशनसकट काढून देतो, ते घरी न्या, तुमच्या मोबाईलने, बायकोच्या मोबाईलने, संध्याकाळी ट्यूबलाईटखाली स्कॅन करून बघा, आणि नंबर एकदा लावूनच बघा, कारण एकाने स्वतःचाच आकडा चुकीचा दिला होता आणि फोन भलत्याच घरी लागत होता. सगळं बरोबर असेल तर प्रूफवर सही करा, मशीन त्यानंतरच चालू होईल.