धुरा तेवढाच, वावर कमी

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरू लागली की आमच्या यवतमाळकडच्या वावरांना वेगळाच रंग चढतो. धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या कडेकडेने, खुंट रोवलेले असतात आणि त्यांना जुन्या साड्या बांधलेल्या असतात. हिरवी, जांभळी, लाल, एखादी अजून जरीकाठ टिकवून असलेली. वाऱ्याने हलणाऱ्या कापडाला रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) बिचकतात, निदान पहिले काही दिवस तरी. ज्याला तारेत विजेचा झटका सोडणारे झटका मशीन परवडते तो तार ओढतो. बाकीचे आधी घरातल्या साड्या बांधतात, मग नात्यातल्या, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बाजारातून जुन्या विकत आणतात.

चौथीच्या वर्गात परिमिती शिकवताना मी हाच प्रश्न दिला. वावर ३९६ फूट लांब, ३३० फूट रुंद. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे साधारण १८ फूट. किती साड्या लागतील?

मुलांनी चारही बाजू मिळवल्या, १४५२ फूट आले. त्याला १८ ने भागले. वह्यांमध्ये उत्तर होते: '८०, बाकी १२'. भागाकारात कुठेच चूक नव्हती, पण वावर उघडे राहिले होते. बाकी १२ म्हणजे धुऱ्यावर बारा फुटांची फट, आणि रानडुकरांचा अख्खा कळप शिरायला एवढी फट पुष्कळ झाली. म्हणजे साड्या ८१ हव्यात. एवढे फळ्यावर होते न होते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गाठीत बी तं कापड जाते न!" खरेच होते. दोन्ही टोकांच्या गाठींत मिळून फूटभर जाते असे धरले, तर एक साडी १७ फूटच पुरते. मग १४५२ ला १७ ने भागायचे; ८५ येतात, बाकी ७, म्हणजे ८६ साड्या. ज्याने धुऱ्यावर उभे राहून साडी बांधली आहे त्यालाच हे सुचते.

बाकीचे काय करायचे, हे भागाकार सांगत नाही, ते वावर सांगते. ५० पोती कापूस आहे आणि बंडीत एका वेळी १२ पोती मावतात, तर खेपा चार नाही, पाच. पण ५० फुटांच्या दोरातून १२ फुटांचे तुकडे कापायचे असतील तर तुकडे चारच. आकडे तेच, भागाकार तोच, बाकीही तीच दोन. एकदा उत्तर वर गेले, एकदा खालीच राहिले.

वर्गात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "सर, हे गुणायचं हाये का भागायचं?" मुलाने उदाहरण वाचलेले असते, पण त्यात घडते काय ते डोळ्यांसमोर आलेले नसते. मग आपण मोठी माणसे त्याला खुणेचे शब्द शिकवतो: 'प्रत्येकी' दिसले की भागाकार, 'एकूण' दिसले की गुणाकार. माझ्या मते ही युक्ती मुलाचे नुकसान करते. 'प्रत्येकी १२ किलो कापूस वेचला, बाया ८, तर एकूण किती?' यात दोन्ही शब्द आहेत. मुलाने कोणता धरायचा?

भागाकार तर मुळात दोन तऱ्हेचा आहे आणि आपण तो एकाच नावाने शिकवतो. ९६ किलो कापूस आठ जणींनी सारखाच वेचला, तर एकीचा १२ किलो. ही वाटणी झाली. आणि ९६ किलो कापूस १२-१२ किलोच्या गाठोड्यांत बांधला तर गाठोडी आठ. इथे कोणी कोणाला काही वाटत नाही. ९६ मधून १२ किती वेळा निघतात ते मोजायचे आहे. साड्यांचे गणित या दुसऱ्या जातीचे. मूल पहिल्या जातीत रमलेले असते, कारण घरी भाकरी, गूळ, बोरे सगळे वाटूनच खाल्लेले असते. म्हणून दुसरी जात समोर आली की ते थबकते. त्याला भागाकार येत नाही असे नव्हे, कोणी कोणाला वाटते आहे ते त्याला सापडत नाही.

कामातून गणित शिकवण्याचा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींनी तिथे हस्तव्यवसायातून शिक्षण द्यायचे, हा विचार मांडला, आणि त्यातूनच 'नयी तालीम' उभी राहिली. टकळीवर सूत कातणारे मूल तार मोजते, वजन करते, तासाला किती कातले ते काढते, म्हणजे गुणाकार-भागाकार त्याच्या बोटांतून जातो. आज टकळी गेली. वावर मात्र शाळेच्या भिंतीला लागूनच आहे.

गुणाकारासाठी तर फुलीवर टोबलेल्या पऱ्हाटीसारखे दुसरे साधन नाही. उभ्या-आडव्या रेघा मारून जिथे त्या छेदतात तिथे सरकी टोबायची. १२ तास, म्हणजे झाडांच्या ओळी, आणि एका तासात २५ झाडे, म्हणजे ३००. आता दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन उभे राहा. तिथून २५ तास दिसतात, प्रत्येकात १२ झाडे. झाड एकही हलले नाही, म्हणून १२ गुणिले २५ आणि २५ गुणिले १२ सारखेच. डवरा, म्हणजे कोळपणीचे औत, दोन्हीकडून चालतो, हे मुलांनी पाहिलेलेच असते.

याच चित्रातून क्षेत्रफळ निघते. चार फुटांवर तास आणि दीड फुटावर झाड ठेवले, तर एका झाडाच्या वाट्याला सहा चौरस फूट जमीन येते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. सहाने भागले की ७,२६० झाडे. बी किती लागेल हा प्रश्न असा सुटतो, आणि त्याला धुऱ्याच्या लांबीशी काही देणेघेणे नसते. साड्या धुऱ्यावर मोजायच्या, बियाणे वावरात मोजायचे. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक मी मुलांना याहून जास्त शब्दांत सांगत नाही.

खरी गंमत पुढे आहे. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिच्यावरचा चौरस, म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपले साड्यांचे वावर साखळीत मोजले तर लांबी १२, रुंदी १०. म्हणजे १२० गुंठे, बरोबर तीन एकर. सातबाऱ्यावर ते १ हेक्टर २१ आर असे दिसेल. त्याचा धुरा ४४ साखळ्यांचा.

आता शेजारची पट्टी घ्या. लांबी २० साखळ्या, रुंदी फक्त दोन. क्षेत्रफळ ४० गुंठे, एक एकर. आणि धुरा? वीस, वीस, दोन, दोन. पुन्हा ४४! साड्या तेवढ्याच, खुंट तेवढेच, राखणीची चक्कर तेवढीच, आणि आत पीक तिसऱ्या हिश्श्याचे. मुलांचा यावर विश्वास बसत नाही. चौकटीच्या वहीत दोन्ही वावरे काढून, एक चौकट एक गुंठा धरून, ती बोटाने मोजतात, मग गप्प होतात.

योगायोगाने ही पट्टी म्हणजे एकराचे मूळ रूप आहे. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब. ६६० फूट म्हणजे एक फर्लांग, आणि फर्लांग या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच 'एका तासाची लांबी' असा आहे. घड्याळातला तास नव्हे, नांगराचा. एडमंड गंटर या इंग्रज गणितीने १६२० च्या सुमारास मोजणीसाठी जी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली, तिच्या बरोबर निम्मी आपली ३३ फुटांची.

यापुढची गोष्ट एका मुलीने करून दाखवली. मी प्रत्येकाला सारख्या लांबीच्या चार तुराट्या आणि सुतळी दिली होती. टोके बांधून चौकोन करायचा, जमिनीवर ठेवायचा, आत तुरीचे दाणे एकाला एक लागून पसरायचे आणि मोजायचे. तिचा चौकोन वीतभराचा होता. दाणे नीट बसले. मग तिने एक कोपरा हलकेच दाबला. सुतळीच्या गाठी फिरल्या, चौकोन वाकला, आणि मधले दाणे एकमेकांवर चढू लागले. तिने अजून दाबला. आता दाणे तुराट्यांवरून बाहेर सांडायला लागले. चौकटीची उंची पहिल्याच्या निम्मी झाली तेव्हा निम्मे दाणे बाहेर होते. ती तशीच उकिडवी बसून त्यांच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, धुरा तं तितकाच हाये. मंग वावर काहून कमी झालं?"

हा प्रश्न भास्कराचार्यांचा आहे. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्यांनी बजावले आहे, की चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आहे आणि उत्तर देणारा त्याहून मोठा! कारण त्याच चार बाजूंचे हवे तितके वेगवेगळे चौकोन होतात. कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय वावर पक्के होत नाही. तुराट्यांची ती चौकट पक्की करायला मुलीला शेवटी एक तिरपी काडीच बांधावी लागली, तोच कर्ण.

त्यांच्याही पाचशे वर्षे आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू मिळवून अर्ध्या करायच्या आणि येणाऱ्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, ही रीत दिली, पण तिला स्पष्टपणे 'स्थूल' फळ म्हटले. खेड्यांत वेड्यावाकड्या वावराचा अंदाज अजून असाच काढतात. अंदाज म्हणून रीत चांगली आहे, फक्त तिची चूक नेहमी एकाच बाजूला जाते. वावर काटकोनात असेल तरच उत्तर बरोबर, एरवी ते खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. त्यामुळे तोटा दरवेळी घेणाऱ्याचा होतो. पाचव्या शतकातला ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने वाटणीतली अशीच लबाडी नोंदवली आहे: लांब धुऱ्याचा पण कमी क्षेत्रफळाचा तुकडा दुसऱ्याला द्यायचा, आखूड धुऱ्याचा पण मोठा आपण घ्यायचा, आणि वर प्रामाणिक म्हणवून घ्यायचे. माणसाची नजर धुऱ्यावर ठरते, दाण्यांवर नाही.

धुरा आणि वावर यांच्या या प्रमाणाचा एक परिणाम आपण कापसात भोगला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली तेव्हा अट होती की भोवती बिगर-बीटी कापसाचे निदान पाच तास लावायचे, किंवा एकूण लागवडीच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. हेतू चांगला होता. त्या पट्ट्यात साध्या बोंडअळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर बीटी पचवणाऱ्या पतंगांशी व्हावा, आणि ती ताकद पुढच्या पिढीत विरळ होत जावी. पण पाच तास ही मोजणी धुऱ्याची आहे, आणि २० टक्के ही वावराची.

चार फुटांचे तास धरले तर पाच तासांचा पट्टा २० फूट रुंद. दहा एकरांचे चौरस वावर ६६० फुटी. त्यातून चारही बाजूंचा पट्टा काढला तर आत ६२० गुणिले ६२० उरते. पट्ट्यात जमिनीचे जेमतेम १२ टक्के गेले. म्हणजे तिथे २० टक्क्यांची अट लागू होईल आणि ती पेलता येईल. आता आपली ६६ गुणिले ६६० ची पट्टी घ्या. दोन्हीकडून वीस-वीस फूट गेले की आत २६ गुणिले ६२० एवढेच राहते, १६,१२० चौरस फूट. एकरातले ६३ टक्के पट्ट्यातच गेले! एक एकर पट्टीवाल्याने हे करावे तरी कसे? अनेकांनी बियाण्यासोबत मिळणारे बिगर-बीटीचे छोटे पाकीट लावलेच नाही, आणि त्याला नुसता निष्काळजीपणा म्हणणे मला कधीच पटले नाही. आता ते बियाणे मुख्य पाकिटातच मिसळून येते, तेव्हा धुऱ्याचा प्रश्न उरला नाही. गुलाबी बोंडअळी मात्र तोवर बीटीला पुरून उरली होती.

मग पट्ट्या एवढ्या लांब होतात का? वाटणीत प्रत्येक भावाला रस्ता हवा, विहिरीकडे जायला वाट हवी, वरची मुरमाड आणि खालची काळी दोन्ही थोडी थोडी हवी. उताराच्या दिशेने उभे काप घेतले की सगळ्यांना सगळे मिळते. ती समजूतदार वाटणी आहे. तिची किंमत धुऱ्यावर मोजावी लागते, एवढेच.

शेवटच्या तासाला मी तीन एकरांचे ते वावर पुन्हा फळ्यावर काढले, बारा बाय दहा साखळ्यांचे. तीन भाऊ, सारखी वाटणी, चार बाय दहाचे तीन तुकडे. गाठीचे कापड यावेळी सोडून दिले. एका तुकड्याचा धुरा २८ साखळ्या, ९२४ फूट, ५१ साड्या आणि बाकी ६, म्हणजे ५२. तिघांच्या १५६. एका मुलाने आधी धुऱ्यांची बेरीज केली, २७७२ फूट, आणि १८ ने भागले. निःशेष भाग गेला, १५४ आले. दोन साड्यांचा फरक कुठून आला यावर वर्गात चांगलीच जुंपली, कारण दोघांचेही गणित बरोबर होते. तिघांनी आपापली फट आपापल्या साडीने बुजवली, की एकमेकांचे तुकडे जोडून बुजवली, एवढाच तो फरक.

तुराट्यांची ती मुलगी या वादात नव्हती. तिच्या वहीत ८१ लिहिलेले होते आणि खाली एक ओळ: 'मंधातल्या धुऱ्याले साडी नाही लागत, तिकून डुक्कर येत नाही.'