एमजीबी : खरेदी आणि निगा

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स मोटार. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळचे ऑक्सफर्डचे. आज भारतीय रस्त्यांवर दिसणाऱ्या एमजी गाड्यांशी हिचे नाते नावाचे आणि बिल्ल्याचे, त्यापुढे नाही. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एवढ्या संख्येमुळेच ती अजून सापडते आणि तिचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात.

कापडी टपाच्या रोडस्टरपाठोपाठ १९६५ मध्ये बंद छताची जीटी आली. तिच्या छताच्या घडणीत इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले, गाडी सुमारे दीड इंच उंच झाली आणि वळणावर जास्त कलू लागली. शौकीन क्रोमवर जीव टाकतात, भावही तसाच चढतो. पण क्रोम लावून मिरवणाऱ्या कुजक्या गाडीपेक्षा धडधाकट रबरी बंपरवाली केव्हाही बरी.

हिला आधीच्या एमजीएसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. रोडस्टरला छताचाही आधार नसल्याने दाराखालच्या सिलवर बरेच काही अवलंबून असते. सिल म्हणजे एकाला एक जोडलेल्या पत्र्यांची पोकळ पेटी. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल तिच्या तोंडाशी साचतो, ओल आत मुरते आणि गंज आतून बाहेर येतो. तो बाहेर दिसेपर्यंत आत फारसे काही उरलेले नसते. वरून नवा पत्रा मारून, रंग देऊन विकायला काढलेल्या गाड्या पुष्कळ. म्हणून खिशात लोहचुंबक ठेवावे; जिथे ते धरत नाही, तिथे पुटी भरलेली आहे असे समजावे. मग जॅकने एक बाजू उचलून दार उघडून-लावून पाहावे. फट आवळली किंवा दार अडू लागले, तर सांगाडा वाकतो आहे. सिल बदलताना दारे जागेवर ठेवून फटी मोजत वेल्डिंग करावे, नाहीतर वाकडेपणा कायमचा शिवला जातो. १९८८ पासून नवा संपूर्ण सांगाडाही मिळू लागला, पण तो महागाचा मार्ग.

इंजिनाची त्या मानाने चिंता नको. १,७९८ सीसीचे हे चार सिलिंडरी बिडाचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरच्या १,४८९ सीसी इंजिनाचे सख्खे भावंड. जुन्या अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला इथले टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) परके वाटणार नाहीत. पाने मात्र इंचाचे हवेत. पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर जुळवायची रीत कानाची: रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. दोन्हींचा फुसकारा सारखा आला की हवा सारखी जाते आहे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या उभ्या खिळ्याला, दर ३,००० मैलांनी ग्रीस लागते. ते चुकवणारे पुढे दसपट खर्च करतात. आऱ्यांची चाके असतील तर हबचे (चाक ज्यावर बसते त्या भागाचे) दाते झिजलेत का ते पाहावे. झिजले असतील तर गाडी सुटताना खट्कन आवाज येतो.

हिच्या सतत बिघडणाऱ्या विजेच्या यंत्रणेबद्दलचे विनोद या गाडीहून जास्त टिकाऊ ठरले. बहुतेक वेळा दोष अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात सापडतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, त्यामुळे आजचा रेडिओ सरळ जोडला तर जळतो. चावी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पान्याच्या मुठीने पंपावर हलकेच ठोकतात. तो चालूही होतो, पण त्याच्या आतले विजेचे संपर्क (पॉइंट) संपत आलेले असतात.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्या बदलून घ्याव्यात. तिथे चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडे ताजा दाखला असेलच असे नाही. जुने कपडे घालून जावे आणि गाडीखाली स्वतः शिरावे.