'ईर': एका क्रियापदात नांदणारी तीन क्रियापदं

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्या महिन्याभरातच 'ईर' आडवं येतं. अर्थ सरळ आहे, 'जाणे'. पण वर्तमानकाळ बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान असा (लिहिताना 'व्ही', बोलताना 'ब'), आणि भूतकाळ फुई, फुइस्ते, फुए असा. या रूपांचं 'ईर'शी काही नातं दिसत नाही, कारण ते नाहीच. तीन वेगवेगळी लॅटिन क्रियापदं इथे एका घरात राहायला आली आहेत.

लॅटिनमध्ये 'जाणे' म्हणजे 'ईरे'. त्याची एकवचनी रूपं एओ, ईस, इत, म्हणजे तोंडातून निसटावीत इतकी तुटपुंजी. बोलीत ती झिजली आणि त्यांच्या जागी 'वादेरे' (तरातरा चालत जाणे) या क्रियापदाची रूपं आली. 'आम्ही जातो' आणि 'तुम्ही जाता' यांची जुनी रूपं जरा लांब, म्हणून ती तग धरून राहिली. मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये (म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये) 'ईमोस' आणि 'ईदेस' भेटतात. पुढे तीही गेली. मूळ घराण्याकडे आता भविष्यकाळ, 'ईबा' हा अपूर्ण भूतकाळ आणि अशीच थोडी रूपं उरली आहेत.

'बोय'मधला शेवटचा 'य' बराच नंतरचा. आधी नुसतं 'बो' होतं. 1492 साली कॅस्टिलियनचं व्याकरण लिहिणाऱ्या नेब्रिहाने याची दखल घेतली आहे: ही एकाक्षरी क्रियापदं फार आखूड असल्यामुळे सौंदर्यासाठी कधीकधी शेवटी 'इ' जोडतात, असं तो म्हणतो. तो 'य' नेमका आला कुठून, यावर भाषापंडित अजून वाद घालतात. मला नेब्रिहाचं कारण आवडतं, पटतं असं नाही.

विद्यार्थी खरे अडतात ते 'फुई'पाशी. हे लॅटिनच्या 'असणे'चं भूतकाळी रूप, त्यामुळे 'मी शिक्षक होतो' आणि 'मी माद्रिदला गेलो' या दोन्हींत 'फुई'च. 'असणे'चा 'जाणे'शी काय संबंध? आपल्याकडे "काल कुठे होतास?" "नाशिकला होतो" असं बोलतात, तेव्हा जाऊन येणं त्यात गृहीतच असतं. लॅटिन बोलणाऱ्यांनीही हीच वाट धरली. पोर्तुगीजमध्येही दोन्हींना 'फुई'च आहे. 1961 पूर्वी गोव्यात शाळेत पोर्तुगीज शिकलेल्यांना हा गोंधळ नवा नाही.

तरी मराठी माणसाने स्पॅनिशला नावं ठेवू नयेत. आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेलो'. 'जातो' संस्कृत 'या' धातूकडून आलं, 'गेलो' 'गम्'च्या 'गत'कडून. लहानपणापासून कानावर असल्याने आपल्याला हा जोड दिसत नाही, इतकंच.

'बामोस' मुळात 'आपण जावं' अशा अर्थाचं रूप होतं. म्हणूनच आजही ते 'चला!' म्हणून चालतं. नकारात मात्र 'नो बायामोस' म्हणावं लागतं. 'तुम्ही निघा' या आज्ञेसाठी स्पेनमध्ये व्याकरणशुद्ध रूप 'ईदोस', पण लोक सर्रास 'ईरोस' म्हणत. 2017 मध्ये तिथल्या रॉयल स्पॅनिश अकादमीने तेही मान्य केलं, आणि शुद्धलेखनवाद्यांनी कपाळाला हात लावला. लॅटिन अमेरिकेत हा प्रश्नच नाही. तिथे 'तुम्ही'साठी 'उस्तेदेस' वापरतात आणि आज्ञा होते 'बायान्से'.

आणखी एक गंमत. लॅटिन 'ईरे' आणि संस्कृत 'इ' (एति) हे सख्खे भाऊ, आणि आपलं 'येणे' याच 'इ'ला 'आ' लागून झालेलं. तिकडे जाणं, इकडे येणं! आतून कोणी हाक मारली तर स्पॅनिश माणूस "या बोय!" म्हणतो, शब्दशः 'आता जातोच'. आपण म्हणतो, "आलो, आलो!" नवशिका मराठी विद्यार्थी तिथे हमखास 'येणे'चं क्रियापद वापरतो.